भरलेली डिस्क, सरकणारी पट्टी

१९९० साल. वॉशिंग्टन शहराला खेटून कॉलेज पार्क नावाचं गाव आहे, तिथे मेरीलँड विद्यापीठ. त्या विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत १४ जणांत मिळून एक हार्ड डिस्क होती, ८० मेगाबाइटची. आज कुणाच्या वरातीचा मिनिटभराचा व्हिडिओ तेवढी जागा सहज खातो, पण त्या काळी ही ऐसपैस कोठी होती. कोठी सामायिक, त्यामुळे व्हायचं तेच झालं. ती भरली. चाळीच्या नळावर कुणाच्या किती कळशा लागल्यात ते निदान डोळ्यांना दिसतं. इथे तीही सोय नव्हती. फोल्डर उघडला की आत नावं, नावांपुढे आकडे, आणि आत आणखी फोल्डर. जागा कोण अडवून बसलाय हे शोधायचं तर एकेक दार उघडून आत डोकवायचं, आकडा लक्षात ठेवायचा, बाहेर यायचं, पुढच्या दारात शिरायचं. पाचव्या दाराशी पोचेपर्यंत पहिल्या दारातला आकडा विसरलेला.

प्रयोगशाळेचे प्रमुख होते बेन श्नायडरमन. दुसऱ्या कुणी सगळ्यांना एक खरमरीत सूचना धाडून विषय मिटवला असता. श्नायडरमन यांच्या मात्र ते डोक्यातच बसलं. अख्खी डिस्क एका नजरेत का दिसू नये?

फोल्डरांची रचना झाडासारखी असते, म्हणून ती झाडासारखीच काढायची पद्धत होती. वर मूळ, खाली फांद्या, फांद्यांना फांद्या, टोकाला फाइली. वंशावळ काढतात तसंच. आणि वंशावळीचं जे होतं तेच इथे होतं: चार पिढ्या झाल्या की कागद पुरत नाही. श्नायडरमन यांना कागद पुरायला हवा होता. स्क्रीन आहे तेवढीच राहील, झाड कितीही वाढो. शिवाय कुठेही रिकामी जागा सुटता कामा नये, आणि फाइल जेवढी मोठी तेवढं तिचं क्षेत्रफळ मोठं दिसलं पाहिजे. त्यांनी त्रिकोण करून पाहिले, वर्तुळं करून पाहिली. कशातच सगळ्या अटी बसेनात. एके दिवशी प्राध्यापकांच्या बैठकीच्या खोलीत विचार करत बसले असताना एकदम सुचलं: स्क्रीनचे आधी उभे तुकडे करायचे, मग प्रत्येक तुकड्याचे आडवे, मग त्यांचे पुन्हा उभे. झाडाची जितकी खोली, तितक्या वेळा दिशा बदलत जायचं.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. आजोबांचं शेत तीन मुलांत उभं वाटलं. थोरल्याने आपला वाटा त्याच्या दोन मुलांत आडवा वाटला. त्यातल्या एकाने पुन्हा उभा. शेताची बाहेरची हद्द तसूभरही बदलली नाही, मधे इंचभर जमीन सुटली नाही, आणि गट नकाशा पाहिला की कोण कुणाचा नि कुणाला किती, हे एका नजरेत कळतं. ‘ट्रीमॅप’ म्हणजे हेच. झाडाचा नकाशा. आज्ञावली सहा ओळींची झाली. ती प्रत्येक वेळी बरोबर चालेल अशी स्वतःची खात्री पटायला मात्र श्नायडरमन यांना काही दिवस लागले. आणि त्यांनीच लिहून ठेवलंय की नाव शोधायलाही जवळपास तेवढाच वेळ गेला.

मार्च १९९१मध्ये प्रयोगशाळेचा अहवाल निघाला, जानेवारी १९९२मध्ये निबंध छापून आला. कल्पनेला काही महिने लागले, पण ती चालती करायला वर्षाहून जास्त. ते काम ब्रायन जॉन्सन या विद्यार्थ्याचं. त्यांनी रंगीत मॅकिंटॉशवर चालणारा ‘ट्रीव्हिझ’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पाच हजार फाइलींचं झाड असलं तरी तो अडखळत नसे. अशा इतिहासात सहा ओळींचं कौतुक होतं आणि वर्षभराची हमाली तळटिपेत जाते. म्हणून जॉन्सन यांचं नाव इथे ठळकपणे घेतो.

या शोधात एक खोट होती, आणि तीही आपल्या ओळखीची. वाटण्या होत गेल्या की शेताच्या पट्ट्या होतात. बैल वळवायला जागा उरत नाही एवढ्या अरुंद. मुंबई सरकारने १९४७ साली त्यासाठी तुकडेबंदीचा कायदा केला. ट्रीमॅपमध्येही खोल गेलं की चौकोनांच्या काड्या व्हायच्या. दोन काड्यांत मोठी कोणती हे डोळ्यांना ठरवता येत नसे, माउसने टिपताही येत नसे. यावरचा तोडगा दहा वर्षांनी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनच्या तंत्र विद्यापीठात निघाला. तिथे मार्क ब्रल्स, केस हौझिंग आणि यार्के व्हान वाइक यांनी २००० साली वाटणीची रीतच बदलली: प्रत्येक वाटा होता होईल तो चौरसाच्या जवळ जावा. त्याआधीच्या वर्षी व्हान वाइक आणि हुब व्हान दे वेटेरिंग यांनी चौकोनांवर उजेड-सावली घालून त्यांना उशीसारखा फुगीरपणा दिला होता, म्हणजे सीमारेषा न काढताही कडा कळाव्यात. 

त्या उशा मी माझ्या घरी पाहिल्यात. लॅपटॉप दर दोन दिवसांनी ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून कुरकुरायला लागला, तेव्हा एका मित्राने ‘विनडिरस्टॅट’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घालून दिला. दहाएक मिनिटं तो गप्प बसून डिस्क चाळत होता. मग पडदाभर रंगीत गाद्या पसरल्या, आणि त्यात तीन जांभळ्या गाद्या अशा, की बाकीच्या सगळ्या त्यांच्या पायाशी बसल्यात. टिचकी मारली. भाच्याची मुंज. तीच फाइल, तीन वेगळ्या फोल्डरांत, मीच ‘असू दे’ म्हणून तीनदा उतरवलेली. शोधायला चार सेकंद लागले असतील. आकड्यांच्या यादीत ती मुंज वर्षभर माझ्या नाकासमोरच होती.

ट्रीमॅपची कीर्ती म्हणूनच योग्य आहे. पण माझं मत विचाराल तर त्या प्रयोगशाळेतला मोठा शोध हा नव्हे. मोठा शोध दिसायला फार किरकोळ आहे: एक आडवी पट्टी, तिच्यावर एक गोटी, आणि ती बोटाने सरकवताना दुसरीकडे बदलणारं चित्र. त्याचं मोल कळायला आधी कॅलिफोर्नियात, १९७२ सालात जायला हवं.

स्टॅनफर्डजवळ अणुकणांचा एक लांबलचक प्रवेगक आहे, स्लॅक नावाचा. जॉन टुकी त्या वर्षी तिथे रजेवर येऊन राहिले होते. टुकी हे प्रिन्स्टनचे आणि बेल लॅब्जचे. पदवी रसायनशास्त्राची, डॉक्टरेट गणिताची, नाव झालं संख्याशास्त्रात. संगणकवाले ज्याला ‘बिट’ म्हणतात तो शब्द त्यांनी पाडलेला. त्यांची तक्रार साधी होती. संख्याशास्त्रज्ञ आधी प्रश्न ठरवतात, मग आकड्यांना विचारतात. आकड्यांना स्वतःहून काही सांगायचं असेल तर ते ऐकायची सोय कुठे आहे? (‘डेटा’ला मराठीत काही जण ‘विदा’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण मी ज्यांच्याशी बोलतो त्यांच्यापैकी कुणी म्हणत नाही, त्यामुळे मी डेटा आणि आकडे यांवरच भागवतो.)

स्लॅकमधल्या आकड्यांची पंचाईत अशी की एकेका टकरीची सात-सात, आठ-आठ मापं असायची. दोन मापं असतील तर कागदावर ठिपके मांडता येतात. तीन असतील तर कसंबसं. सातांचं काय करणार? टुकी, जेरोम फ्रीडमन आणि मेरी अॅन फिशरकेलर यांनी मिळून एक यंत्रणा उभी केली, ‘प्रिम-९’. नऊ मापांपर्यंतचे ठिपके ती पडद्यावर दाखवी, आणि बटणं दाबून ते फिरवता येत. मागे आयबीएमचं ३६०/९१ हे त्या काळातल्या सर्वांत दांडग्या संगणकांपैकी एक धूड हिशेब करत बसलेलं. एवढं यंत्र कशासाठी, तर काही शे ठिपके न थांबता फिरावेत म्हणून.

‘न थांबता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पडदा सपाट असतो. ठिपके स्थिर असले तर ते सांडलेल्या मोहरीसारखे दिसतात. कोणता पुढे, कोणता मागे, काही कळत नाही. पण ते सगळे एकत्र एका आसाभोवती फिरायला लागले, की पुढचे एका बाजूला सरकतात, मागचे उलट बाजूला, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकदम एक आकार उभा राहतो, पोकळ, जाड, कुठे शेपूट फुटलेला. रेल्वेच्या खिडकीतून तारेचे खांब पळताना आणि डोंगर रेंगाळताना दिसतात, त्याच्याच नात्यातला प्रकार. बटणावरून बोट काढलं की पुन्हा सपाट मोहरी. म्हणजे जे दिसतं ते चित्रात नाहीच, हालचालीत आहे. १९७३ साली या यंत्रणेची फिल्म काढली, तीत टुकी स्वतः समजावून सांगतात. फिल्मच काढावी लागली, कारण छापील निबंधात हे दाखवणं शक्यच नव्हतं.

त्या यंत्रावर लागलेला एक शोध आपल्या घराघरातल्या आजाराचा आहे. स्टॅनफर्डचे डॉक्टर जेराल्ड रीव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ रूपर्ट मिलर यांच्याकडे १४५ जणांच्या रक्तातली साखर, इन्सुलिन वगैरेची मापं होती. तेव्हा प्रश्न असा होता की तपासणीत साखर थोडी वर दिसते पण त्रास काही नाही, असा माणूस आणि पक्का मधुमेही, हे एकाच रस्त्यावरचे पुढचे-मागचे प्रवासी आहेत का? त्यांनी ठिपके प्रिम-९वर घालून फिरवले. मध्ये एक जाडसर गोळा दिसला, निरोगी माणसांचा. त्यातून दोन पंख फुटलेले, दोन वेगळ्या दिशांना. एका पंखात एक प्रकारचे रुग्ण, दुसऱ्यात दुसरे. एका पंखाच्या टोकावरून दुसऱ्याच्या टोकावर जायचं तर मधल्या गोळ्यातून जायला हवं. थेट वाट नाही. १९७९ साली त्यांचा निबंध छापायची वेळ आली तेव्हा फिरता पडदा कागदावर कसा उतरवायचा हा पेच होताच. शेवटी चित्रकाराकडून त्या पंखवाल्या आकाराचं चित्र काढून घेतलं आणि छापलं. लाखो डॉलरांच्या संगणकाने दाखवलं ते शेवटी पेन्सिलीने वाचकांपर्यंत पोचवलं.

टुकींची गंमत पुढेच आहे. १९७७ साली त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं, आकड्यांना मोकळेपणी चाचपण्याबद्दलचं. आज शाळा-कॉलेजात शिकवतात तो ‘बॉक्स प्लॉट’ त्या पुस्तकानेच घरोघर नेला. त्यातली बहुतेक सगळी तंत्रं कागद-पेन्सिलीची आहेत. प्रिम-९ चालवून झालेल्या माणसाने असं का करावं? कारण सोपं आहे: वाचकाकडे पेन्सिल होती, ३६०/९१ नव्हता. पॅरिसमध्ये नकाशांचं शास्त्र मांडणारे जाक बर्तँ यांनीही संगणकाची वाट पाहिली नव्हती. त्यांनी आकड्यांच्या तक्त्याचे सोंगट्यांसारखे तुकडे केले आणि ओवलेल्या रांगा हातांनी वरखाली हलवून सारख्याला सारखं जवळ आणायची सोय केली. हाताला हलवता आलं पाहिजे, ही भूक यंत्रापेक्षा जुनी आहे.

आता पुन्हा मेरीलँड. श्नायडरमन यांनी १९८३ सालीच एक शब्दप्रयोग रूढ केला होता, ज्याचा मराठीत साधा अर्थ ‘वस्तू थेट हाताळणे’. तोवर संगणकाला आज्ञा लिहून द्यावी लागे, आणि आज्ञेचं व्याकरण चुकलं तर तो हात वर करी. श्नायडरमन यांना व्हिडिओ गेम खेळणारी पोरं दिसत होती. त्यांना कुणी व्याकरण शिकवलं नव्हतं, तरी तासन्‌तास रमत. गॅसची शेगडी घ्या. कान पिळला की ज्योत खाली जाते, ती बघत बघतच आपण थांबतो. त्याऐवजी ‘ज्योत तीस टक्के कमी करावी’ असा अर्ज लिहून दिला आणि थोड्या वेळाने ‘अर्ज मंजूर, दूध उतू गेले’ असं उत्तर आलं, तर? त्या काळी डेटाबेसला प्रश्न विचारणं हे असं होतं. दोन लाखांच्या आतली, तीन खोल्यांची घरं दाखव. उत्तर: एकही नोंद सापडली नाही. बरं, अडीच लाख. उत्तर: ९००. म्हणजे दोन आणि अडीचच्या मध्ये कुठेतरी काहीतरी होतं, पण ते कुठे हे कळायला आणखी दहा अर्ज.

ख्रिस्तोफर विल्यमसन या विद्यार्थ्याबरोबर १९९२ साली त्यांनी ‘होमफाइंडर’ केला. पडद्यावर वॉशिंग्टन परिसराचा नकाशा, त्यावर सुमारे ११०० ठिपके, प्रत्येक ठिपका विकाऊ घर. बाजूला पट्ट्या: किंमत, खोल्या, आणि नकाशावर आपण ठेवलेल्या दोन खुणांपासूनचं अंतर. समजा एक खूण नवऱ्याच्या ऑफिसवर आणि दुसरी बायकोच्या. पहिली पट्टी डावीकडे ओढत न्यावी, तसे बाहेरचे ठिपके विझत विझत एक वर्तुळ उरतं. दुसरी ओढावी, दोन वर्तुळांची फक्त मधली पाकळी उरते. आता किंमत खाली आणायला लागा: पाकळीतले ठिपके एकेक करून मालवतात, आणि नेमक्या कुठल्या आकड्याला शेवटचा गेला, ते हाताला कळतं. हाताला, असं मी मुद्दाम म्हणतो. गोटी थोडी मागे घेतली की तो ठिपका परत. ‘एकही नोंद नाही’ ही पाटी इथे लागतच नाही, कारण शून्याकडे जाताना आपण वाटेतला प्रत्येक टप्पा पाहिलेला असतो.

यासाठी सगळी मेहनत होती ती वेळेवर. गोटी हलल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत ठिपके बदलले तर हात आणि चित्र एकच वाटतं. त्याहून उशीर झाला की पट्टी हा पुन्हा अर्जच. तेव्हाच्या संगणकावर एवढ्या वेगासाठी डेटा आधीच खणांमध्ये लावून ठेवावा लागे. त्यांनी नंतर रीतसर चाचणी घेतली: छापील यादी, इंग्रजीत प्रश्न टाइप करायची सोय, आणि या पट्ट्या, अशा तिघांची स्पर्धा. पट्ट्या जिंकल्या. पण मला त्या निकालापेक्षा लक्षात राहिली ती एक बारीक नोंद, की प्रयोगात बसलेल्यांपैकी काहींना काम संपल्यावर उठायचंच नव्हतं. घराच्या जाहिरातींच्या डेटाबेसवर!

आज पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट शोधणारं जोडपं रात्री मोबाइलवर किंमतीची पट्टी पुढे-मागे करत बसतं, ‘अजून पाच लाख ताणले तर?’ म्हणत. ही पट्टी कुणी शोधली असेल असा विचारही कुणाच्या मनात येत नाही.

१९९१ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून ख्रिस्तोफर आल्बर्ग नावाचे एक तरुण विद्यार्थी मेरीलँडला आले होते. त्यांनी आधी मूलद्रव्यांच्या तक्त्यावर पट्ट्या बसवल्या आणि मग ‘फिल्मफाइंडर’ केला: आडव्या अक्षावर साल, उभ्यावर लोकप्रियता, रंगावरून सिनेमाचा प्रकार, आणि सगळे सिनेमे रात्रीच्या आकाशातल्या चांदण्यांसारखे विखुरलेले. नटाच्या नावासाठीही पट्टीच, आकड्यांऐवजी अक्षरांची. नाव निवडलं की त्याच्या सिनेमांखेरीजच्या चांदण्या मावळायच्या. १९९४ साली हे परिषदेत मांडलं. आल्बर्ग गोथेनबर्गला परतले, १९९६ साली कंपनी काढली, ‘स्पॉटफायर’. गिऱ्हाईक सिनेमावाले नव्हते, औषध कंपन्या होत्या. त्यांच्याकडे हजारो, लाखो रसायनांच्या चाचण्यांचे ढीग पडले होते आणि त्यातून पुढे न्यायला चार-दोन निवडायची होती. ११०० घरांतून एक निवडण्याचाच खेळ, फक्त पैज मोठी. २००७ साली ‘टिबको’ने स्पॉटफायर साडेएकोणीस कोटी डॉलरना घेतली. या विद्येवर पोट भरतं, नुसतं भरत नाही तर चांगलं भरतं, हे तोवर बऱ्याच विद्यापीठांच्या ध्यानात आलं होतं. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस स्टोल्टे आणि पॅट हॅनरहन यांच्या संशोधनातून २००३ साली ‘टॅब्लो’ ही कंपनी निघाली. ती २०१९मध्ये ‘सेल्सफोर्स’ने १५.७ अब्ज डॉलरना घेतली. आकडा डोळे फिरवणारा आहे, पण ती गोष्ट मुख्यतः धंद्याची आहे, आणि ती सांगणारे पुष्कळ आहेत.

प्रयोगशाळेतली माणसं याच पट्ट्या दुसरीकडे नेत होती. फ्रान्सहून आलेल्या कॅथरिन प्लेझां यांनी विनीत जैन यांच्याबरोबर अमेरिकेच्या आरोग्य आकडेवारीच्या नकाशाला वर्षांची पट्टी जोडली. ती ओढली की कर्करोगाच्या मृत्यूंचे रंग राज्याराज्यांतून सरकताना दिसत. १९९६ साली श्नायडरमन यांनी आपल्या सगळ्या अनुभवाचं सार एका निबंधात एका ओळीत बांधलं आणि तिला नाव दिलं ‘मंत्र’. हाच शब्द. आशय असा, की आधी सगळं एकदम दिसू द्या, मग जवळ जायची नि नको ते गाळायची मुभा द्या, आणि तपशील मागेल तेव्हाच द्या. मंत्र म्हटला की जप आलाच; त्यांनी ती ओळ निबंधात एकाखाली एक दहा वेळा छापली. विनोद म्हणून नव्हे. दर ओळ म्हणजे असा एक प्रकल्प, ज्यात हेच तत्त्व त्यांना पुन्हा नव्याने सापडलं होतं. म्हणजे दहा वेळा विसरले होते. इतका प्रामाणिक जप मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ट्रीमॅप मात्र प्रयोगशाळेबाहेर पडायला एका गणितज्ञाची वाट पाहत होता. मार्टिन वॉटनबर्ग बर्कलीहून गणितात डॉक्टरेट घेऊन अर्थविषयक पत्रकारितेत, ‘स्मार्टमनी’ मासिकाच्या संकेतस्थळावर, नोकरीला लागले. १९९८ साली त्यांनी तिथे शेअर बाजाराचा नकाशा टाकला. पाचशेहून जास्त कंपन्या, प्रत्येकीचा चौकोन तिच्या बाजारमूल्याएवढा, सारख्या धंद्याच्या कंपन्या एका गल्लीत. भाव चढला तर हिरवा, पडला तर लाल, जागच्या जागी असेल तर काळा. लाल-हिरवा ज्यांना ओळखू येत नाही त्यांच्यासाठी निळ्या-पिवळ्याची सोयही ठेवली होती, जी आजही पुष्कळांना सुचत नाही. ट्रीमॅप हा शब्द ज्यांनी आयुष्यात ऐकला नाही अशा लाखोंनी तो वापरला. आपल्या वाहिन्यांवर आणि शेअरच्या अॅपवर निफ्टीचा जो ‘हीटमॅप’ दिसतो तो याच नकाशाचा नातू. बाजार कोसळतो त्या दिवशी घराघरात एकच लालभडक चौकोन दिसतो, त्यात एखादी औषध कंपनी तेवढी हिरवी. डिस्क भरली नसती तर हा देखावा आपल्याला वेगळ्या रूपात दिसला असता.

वॉटनबर्ग यांची मला आवडणारी करामत वेगळीच आहे. त्यांच्या पत्नी लॉरा यांनी बाळांच्या नावांवर पुस्तक लिहिलं. त्याला हातभार म्हणून २००५ साली त्यांनी एक साधन केलं: अमेरिकेत कोणतं नाव कधी किती ठेवलं गेलं, याच्या रंगीत लाटा. एक अक्षर टाइप करावं, बाकीच्या लाटा ओसरतात. दुसरं टाइप करावं, आणखी ओसरतात. इथे पट्टीसुद्धा नाही, की-बोर्डचं प्रत्येक बटणच पट्टी झालं. बारशाच्या तयारीत असलेल्यांसाठी केलेलं हे खेळणं मूलबाळाचा विचारही नसलेले लोक तासन्‌तास खेळत बसले, आपल्या आजीच्या नावाची लाट कधी आली नि कधी विरली ते एकमेकांना दाखवत. आपल्याकडे ‘सिंधू’ आणि ‘शकुंतला’ची लाट कुणी काढली तर मी रात्रभर जागेन.

आणि हान्स रोझलिंग. त्यांच्याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यांची भाषणं बहुतेकांनी पाहिली असतील. हे स्वीडिश डॉक्टर. शिकत असताना १९७२ साली काही काळ बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात होते, आणि तिथले विद्यार्थी आपल्यापेक्षा सरस आहेत हे पाहून युरोपच्या मोठेपणाची आपली कल्पना तिथेच फुटली, असं ते सांगत. देशांचे बुडबुडे वर्षांबरोबर वर-उजवीकडे पोहत जातात तो आलेख त्यांचा म्हणून ओळखला जातो. तो घडवला मुलगा ओला आणि सून अॅना यांनी. हान्स यांचं काम होतं त्या बुडबुड्यांचं धावतं वर्णन करायचं, क्रिकेटच्या कॉमेंटेटरसारखं. २००६च्या फेब्रुवारीत त्यांनी ‘टेड’च्या व्यासपीठावर ते केलं, पुढच्या वर्षी गुगलने ते सॉफ्टवेअर विकत घेतलं. माझी तक्रार एवढीच, की त्या प्रयोगात पट्टी एकाच माणसाच्या हातात आहे. बाकी सगळे टाळ्या वाजवतात.

करोनाच्या काळात तर ती सगळ्यांच्याच हातात आली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा काळ्या नकाशावर लाल गोळ्यांचा तक्ता आठवत असेल. लॉरेन गार्डनर आणि त्यांचे विद्यार्थी एनशेंग डाँग यांनी तो २२ जानेवारी २०२०ला सुरू केला. तेही विद्यापीठ मेरीलँड राज्यातच, कॉलेज पार्कपासून तासाभराच्या वाटेवर. त्या महिन्यांत आम्ही घरातले चौघे चार मोबाइलवर आपापला गोळा दाबून बघायचो. आईने तोवर कधी आलेख वाचला नव्हता. ती बोटाने महाराष्ट्र मोठा करायची, आकडा बघायची, आणि मग सांगली बघायची, कारण मामा तिथे.

श्नायडरमन यांच्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्यांचे मामा म्हणजे ‘चिम’ या नावाने ओळखले जाणारे छायाचित्रकार डेव्हिड सीमोर. कार्तिए-ब्रेसाँ आणि रॉबर्ट कापा यांच्याबरोबर ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची संस्था काढणारे. १९५६ साली सुएझच्या लढाईच्या वार्तांकनात ते मारले गेले, तेव्हा बेन नऊ वर्षांचे होते. आईवडीलही पत्रकार. आपल्या क्षेत्रातल्या माणसांचे फोटो श्नायडरमन पुढे वर्षानुवर्षं परिषदांमध्ये काढत राहिले आणि त्यांचं पुस्तकही केलं. दिसण्याचा ध्यास हा गणितातून आला असेल असं मी समजत होतो. तो घरातूनच आलेला असावा.

निवृत्तीच्या वयात त्यांनी जुन्या ट्रीमॅपांकडे पुन्हा पाहिलं, यावेळी नुसते रंग आणि आकार म्हणून. काही मोंद्रियानच्या चित्रांच्या वळणावर, काही हॉफमनच्या, असे मोठे छाप काढले, चौकटीत बसवले. २०१४ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या भिंतीवर ते टांगले होते. तांबडे, पिवळे, निळे चौकोन, आतले चौकोन, त्यांच्या आतले. ती चित्रं काचेआड आहेत. बोट फिरवून त्यांत काही हलत नाही.